टर्मिनलला सपरी हवी

प्रति,
नागपूर विमानतळाच्या विस्ताराचा आराखडा करणारे वास्तुरचनाकार व अभियंते,
आणि त्या आराखड्याला मंजुरी देणारे सर्व अधिकारी यांस

विषय : टर्मिनलच्या दाराबाहेरील जागा (सपरी म्हणजे ओसरी) आणि पहिल्यांदा परदेशी निघालेला ग्रामीण प्रवासी

महोदय, महोदया,
सविनय नमस्कार.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या सुमारे ७,००० कोटी रुपयांच्या विस्ताराची पायाभरणी ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली, तेव्हापासून हे पत्र लिहायचे मनात होते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात राहतो. सरकारी बांधकाम खात्यात तेहतीस वर्षे अभियंता म्हणून नोकरी केली. शाळाखोल्या, आरोग्य उपकेंद्रे, पाझर तलाव आणि गावरस्ते एवढा माझा अनुभव आहे; विमानतळासारखी इमारत माझ्या हातून कधी झाली नाही. परंतु इमारत कोणासाठी बांधायची हा प्रश्न शाळाखोलीला जितका लागू पडतो तितकाच टर्मिनललाही लागू पडतो, आणि त्याबाबत खेड्यातल्या माणसाला काही सांगायचे असेल तर ते नकाशा कागदावर असतानाच सांगितले पाहिजे. काँक्रीट ओतल्यावर सांगून उपयोग नसतो, हे मी नोकरीत पुरेसे पाहिले आहे.

गेल्या वर्षी आमच्या गावातला एक तरुण गवंडी आखातात कामाला गेला. त्याला पोचवायला दोन क्रुझर भरून माणसे निघाली : आई, वडील, बायको, कडेवरचे मूल, दोन्हीकडचे काका-मामा, शेजारी आणि मी. वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी असे करत आम्ही संध्याकाळीच निघालो, कारण रात्री रस्त्यात गाडी बिघडली तर विमान चुकेल ही सर्वांच्या मनात धास्ती होती. विमान मध्यरात्रीनंतरचे होते. आईने चून-भाकरीची शिदोरी बांधून घेतली होती. विमानतळावर पोचल्यावर ती कुठे सोडावी हे कोणाला कळेना, तेव्हा वाहनतळाच्या कडेला सतरंजी अंथरली आणि तिथेच शेवटचे जेवण झाले. पुढे दारापाशी गेल्यावर तिकीट असलेला एकटाच आत गेला. आई काचेला हात लावून तो दिसेल तितका वेळ पाहत राहिली, आणि मागून ट्रॉल्या येऊ लागल्या तशी तिला बाजूला व्हावे लागले. विमानतळ कोणता हे मुद्दाम लिहीत नाही, कारण आपल्या देशात बहुतेक ठिकाणी हेच घडते आणि दोष कोणा एका व्यवस्थापनाचा नाही.

दाराशीच तिकीट आणि ओळखपत्र तपासण्याच्या नियमामागे कारणे आहेत. डिसेंबर १९९९ मध्ये आपले विमान पळवून कंदहारला नेले गेले आणि २००० सालापासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. हा नियम सैल करा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की या नियमाचा वास्तुरचनेवर जो परिणाम होतो तो नकाशात उतरत नाही. युरोपातल्या बऱ्याच विमानतळांवर पोचवायला आलेला माणूस आतल्या सभागृहापर्यंत जाऊ शकतो, म्हणून तिथे निरोपाची जागा आपोआप छताखाली येते. आपल्याकडे निरोप दाराबाहेर दिला जातो. म्हणजे टर्मिनलमधली सर्वांत भावनेची, सर्वांत गर्दीची आणि ज्यांना आत कधीच जायचे नाही अशा माणसांना दिसणारी एकमेव खोली ही दाराबाहेर आहे, आणि नकाशात तिचे नाव ‘गाडी थांबवण्याचा कठडा’ एवढेच असते. आत दगड, काच आणि रोषणाई यांवर वर्षानुवर्षे विचार होतो. बाहेर उभ्या राहणाऱ्या दहा-बारा जणांसाठी मोटारीच्या रुंदीचा हिशेब होतो.

वऱ्हाडातल्या जुन्या घरांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. रस्ता आणि उंबरठा यांच्यामध्ये सपरी असते, जिला पश्चिम महाराष्ट्रात ओसरी किंवा पडवी म्हणतील. वर कवेलूंचे, म्हणजे मातीच्या कौलांचे छप्पर, तीन बाजूंनी मोकळी, शेणाने सारवलेली किंवा फरशीची जमीन, कोपऱ्यात पाण्याचा माठ. परका माणूस सपरीपर्यंत विनासंकोच येतो. सासरी निघालेल्या मुलीला तिथेच निरोप दिला जातो, कापसाचा हिशेब तिथेच होतो आणि घरातल्यांची खासगी बाजू उंबरठ्याच्या आत सुरक्षित राहते. आत कोणाला घ्यायचे यावर निर्बंध असेल तर बाहेरची जागा अधिक मानाची असली पाहिजे, हे त्या बांधकामामागचे शहाणपण आहे. नव्या टर्मिनलला अशी सपरी असावी, ही माझी मुख्य मागणी आहे. तिचे क्षेत्रफळ नकाशात लिहिलेले असावे आणि खर्चाची कात्री लागेल तेव्हा ती पहिली कापली जाऊ नये.

असे काही जगात झालेच नाही, असे नाही. सौदी अरेबियातल्या जेद्दा विमानतळावर १९८१ साली हज टर्मिनल उघडले. हजच्या मोजक्या आठवड्यांत लाखो माणसे तिथे उतरतात. त्यांत कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचे विमानात बसलेले, वृद्ध, आपल्या गावच्या समूहाबरोबर आलेले, मक्केकडे जाणाऱ्या बसची तासन्‌तास वाट पाहणारे असतात. ढाक्याजवळच्या मुलखात वाढलेले अभियंते फजलुर रहमान खान आणि त्यांच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेने या यात्रेकरूंसाठी बंद वातानुकूलित डबा बांधला नाही. त्यांनी पोलादी खांबांवर तारांनी ताणून टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचे २१० तंबू उभारले. बाजू मोकळ्या ठेवल्या; पांढरे कापड ऊन परतवते आणि तापलेली हवा तंबूच्या माथ्यावरच्या छिद्रातून वर निघून जाते. त्या सावलीत माणसे बसतात, झोपतात, स्वयंपाक करतात, नमाज पढतात. त्या रचनेला १९८३ साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. एका अभियंत्याच्या नजरेने मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते की तिथे आधी प्रवासी नीट पाहिला गेला आणि मग छताचे गणित मांडले गेले. नागपूरहूनही हजचे यात्रेकरू थेट जातात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेमुळे दीक्षाभूमीवर परदेशांतले बौद्ध उपासक येतात. तेव्हा समूहाने येणारा आणि समूहाने थांबणारा प्रवासी हा आपल्याकडे अपवाद नाही.

मुंबईचे दुसरे टर्मिनल २०१४ साली सुरू झाले, तेही स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल याच संस्थेचे. तीस प्रचंड खांब वर जाऊन मोरपिसांच्या नक्षीत फुलतात आणि ते छत दारापाशी न थांबता बाहेरच्या रस्त्यावरही पुढे येते. ते पाहिल्यावर मला समाधान वाटले होते, कारण निरोपाची जागा छताखाली घ्यावी हे कोणाच्या तरी मनात आलेले दिसते. परंतु मुंबईला समुद्राची हवा आहे आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे मुंबईची सावली इथे पुरणार नाही.

रात्रीचा विषय इथेच सांगितला पाहिजे. नागपूर आणि मध्यरात्र यांचे नाते जुने आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या याच विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. देशाचा मध्यबिंदू म्हणून नागपूरला मिळालेले ते काम होते. आज आखाताकडची विमाने रात्री सुटतात त्याचे कारण निराळे आहे : दोहा, दुबई यांसारख्या ठिकाणी सकाळी युरोप-अमेरिकेकडे निघणाऱ्या विमानांना ही विमाने जोडायची असतात. शिवाय तापलेली हवा विरळ असते, तिच्यात पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी त्याच धावपट्टीवरून कमी वजन घेऊन उडावे लागते. रात्र विमानालाही मानवते. मात्र खेड्यातून आलेल्या माणसाला रात्री परतीची बस नसते. तो संध्याकाळी येतो आणि उजाडल्यावर जातो. सपरी ही दहा मिनिटे उभे राहण्याची जागा समजून आखली तर ती पहिल्याच रात्री अपुरी पडेल. तिथे पाठ टेकायला रुंद ओटे हवेत, शिदोरी सोडायला आणि हात धुवायला जागा हवी, पाणपोई हवी, स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय दाराबाहेरच हवे, आणि यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडून वर्धा मार्गाने येणारी एसटी थेट तिथपर्यंत यावी.

आता उन्हाबद्दल, कारण यात माझी स्वतःची चूक आहे. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी कवेलूंच्या किती शाळा पाडून सपाट स्लॅबच्या बांधल्या याचा हिशेब आता करवत नाही. कवेलू फुटतात, माकडे उधळतात, दरवर्षी फेरावे लागतात. स्लॅब टिकाऊ, म्हणून आम्ही स्लॅब टाकला. पुढे एकदा एप्रिलमध्ये दुपारी अशाच एका वर्गात तासभर बसलो. छतातून उतरणारी धग डोक्यावर हात ठेवावा तशी जाणवत होती आणि पोरे पाटीने वारा घेत होती. नियमात सर्व बरोबर होते, फक्त त्या खोलीत बसणाऱ्याचा विचार झाला नव्हता. म्हणून कळकळीने सांगतो, पश्चिमेला काचेची उंच भिंत घेऊन मग ती थंड ठेवण्यासाठी यंत्रे लावू नका. छज्जे खोल घ्या, छताला दोन थर आणि मध्ये वाहती हवा द्या, पश्चिमेची तिरीप जाळीने अडवा. आमचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणून वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडणारा कूलर इथे घरोघरी चालतो आणि उघड्या सपरीतही तो उपयोगी पडतो. पावसाळ्यात त्याचा उपयोग नसतो, पण तेव्हा वारा पुरेसा असतो. या साध्या तत्त्वावर मोठ्या प्रमाणात काय करता येईल हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

बंगळूरच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये २०२२ साली छताखाली प्रक्रिया केलेल्या बांबूच्या पट्ट्यांची जाळी बसवली, खांबही बांबूने मढवले. ते काम लोक थांबून पाहतात. बांबू तर आमच्याच पूर्व विदर्भाचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार मिळवला, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि सूप, टोपली, ताटवे विणणारे बुरड कारागीर अजून प्रत्येक बाजारगावात आहेत. नव्या संसद भवनात नागपूरचे सागवान वापरले गेले. मग नागपूरच्याच टर्मिनलच्या सपरीला गडचिरोलीचा बांबू आणि तिथल्याच आलापल्लीचे सागवान का असू नये? शोभेच्या एखाद्या भिंतीपुरते नव्हे, तर जिथे माणूस बसतो, टेकतो, हात लावतो तिथे.

दाराच्या आत गेल्यावर खेड्यातल्या प्रवाशाची दुसरी परीक्षा सुरू होते. १९५० साली जगभरात परदेशी पर्यटकांची संख्या अडीच कोटी होती; २०१९ साली ती जवळजवळ १४६ कोटींवर गेली. १९५८ साली बोइंग ७०७ अटलांटिक ओलांडू लागले आणि १९७० साली बोइंग ७४७ म्हणजे जंबो विमान आले, तेव्हा एकाच विमानातून साडेतीनशेहून अधिक माणसे उतरू लागली. इमारती त्या प्रमाणात लांबत गेल्या, कारण विमानांचे पंख रुंद आणि त्यांना शेजारी-शेजारी उभे करायला लांबच लांब धक्के लागतात. म्हणजे टर्मिनलचा आकार मुख्यतः विमानाच्या मापाने ठरला आणि चालण्याचे अंतर माणसाच्या वाट्याला आले. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडला १९९१ साली नॉर्मन फॉस्टर यांनी याला एक सरळ उत्तर दिले : हवा, वीज, सामान यांची सारी यंत्रे जमिनीखाली नेली, छत हलके करून त्यातून उजेड घेतला आणि प्रवासी दारातून आत येताच समोर विमाने दिसतील, सगळे एकाच मजल्यावर राहील अशी आखणी केली. पुढे मध्ये दुकाने वाढली आणि ती नजर अडली, हेही तुम्हांला ठाऊक असेल. पण मूळ कल्पना आमच्यासाठी मोलाची आहे. ज्याला पाट्या वाचता येत नाहीत त्याला रस्ता दिसला पाहिजे. लुगडे नेसलेल्या बाईला सरकत्या जिन्याची भीती वाटते, कारण काठ अडकेल का हे तिला माहीत नसते. तिच्यासाठी रुंद उतार सरकत्या जिन्याच्या शेजारीच हवा, मागच्या कोपऱ्यात नको.

तीन वर्षांपूर्वी मी आणि पत्नी मुलीकडे जर्मनीला गेलो. ती तिथे परिचारिका आहे. एका महानगराच्या विमानतळावर सर्व तपासण्या उरकून आम्ही बोर्डिंग पासावर छापलेल्या दारापाशी (गेटपाशी) बसलो. ‘इथून हलू नको’ असे सांगून मी पाणी आणायला गेलो. तेवढ्यात विमानाचे दार बदलले. त्या इमारतीत ध्वनिक्षेपकावरून घोषणा करायच्या नाहीत अशी पद्धत होती. बदल फक्त पडद्यावर आला, तोही इंग्रजीत. आजूबाजूची माणसे उठून गेली आणि पत्नी दोन पिशव्या सांभाळत एकटीच बसून राहिली, कारण मी तिला हलू नको म्हणालो होतो. तिला मराठी उत्तम वाचता येते. मी परतलो तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. विमान मिळाले, पण जर्मनीला पोचेपर्यंत ती माझ्याशी फारसे बोलली नाही, आणि तिचा राग माझ्यावर नव्हता हे मला कळत होते. शांत टर्मिनल ही वाचणाऱ्यांची सोय आहे. निदान दार बदलले तर त्या भागापुरती मराठी आणि हिंदीत घोषणा झालीच पाहिजे.

पाट्यांचेही शास्त्र आहे आणि ते जुने आहे. ॲमस्टरडॅमच्या शिफोल विमानतळावर १९६७ साली बेनो विसिंग यांनी रंगांनी विभागलेली पाट्यांची पद्धत बसवली, ती पिवळी पाटी पुढे जगभर पसरली. १९७४ साली अमेरिकेत प्रवाशांसाठी ३४ चिन्हांचा संच तयार झाला, त्याचीच भावंडे आज सर्वत्र दिसतात. परंतु अक्षर मराठी आणि आकाराने इंग्रजीच्या निम्मे, असे केले तर ते उपचारापुरते राहते. मराठी अक्षराला मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे असतात. लांबून वाचता यायचे तर त्याला इंग्रजीपेक्षा अधिक उंची लागते. शब्दही बोलीतले असावेत. ‘उत्प्रवासन’ वाचून आमच्याकडे कोणाला काही उमजत नाही. ‘पासपोर्ट तपासणी’ सर्वांना कळते.

दहावी न झालेल्या माणसाला आखातासह १८ देशांत कामाला जाताना १९८३ च्या कायद्यानुसार वेगळी परवानगी लागते. याचा अर्थ कमी शिकलेला प्रवासी फसवला जाऊ शकतो हे शासनाने चाळीस वर्षांपूर्वीच ओळखले आहे. मग त्याच प्रवाशासाठी टर्मिनलमध्ये मराठी बोलणारा मदतकक्ष दाराजवळ, दिसेल असा, रात्रभर उघडा असावा, हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल आहे. आमचा गवंडी आत गेल्यावर दीड तास फोन लागला नाही, आणि बाहेर चौदा माणसे एकमेकांना धीर देत बसली होती. त्याला एवढेच विचारायचे होते की पुढच्या रांगेत चपला काढायच्या का.

आकाराबद्दल थोडेच लिहितो. नवी मुंबईचा विमानतळ कमळाच्या रूपात आला, कोचीचे टर्मिनल केरळी उतरत्या छपरांचे आहे. नागपूरच्या टर्मिनलला संत्र्याच्या फोडीचा किंवा वाघाच्या पट्ट्यांचा आकार द्यावा असे कोणी सुचवील. त्याला माझा विरोध नाही, पण फोड आकाशातून दिसते आणि सपरी जमिनीवर लागते. पैसा एकाच गोष्टीला पुरणार असेल तर तो जमिनीवर खर्च व्हावा.

शेवटची विनंती. आराखडा पक्का होण्याआधी त्याचे मोठ्या आकाराचे नकाशे आणि लाकडी नमुना, मराठी टिपांसह, नागपुरात तर लावाच, पण राळेगाव, हिंगणघाट, वरोरा, अहेरी, मूर्तिजापूर अशा तालुक्याच्या गावी पंचायत समितीच्या सभागृहात बाजाराच्या दिवशी एकेक दिवस ठेवावा. तुमच्यापैकी कोणी सोबत आले तर राळेगावचा दिवस मे महिन्यातला घ्यावा. दुपारी प्रदर्शन आटोपल्यावर माझ्याकडे यावे. आमची सपरी अजून कवेलूंची आहे, मी तिला स्लॅब टाकू दिला नाही. तिथे बसून आपण छताची उंची, छज्जाची खोली आणि माठ कुठे ठेवायचा हे मोजून घेऊ. फीत माझ्याकडे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता
तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ